मागून उजळलेले चित्र

न्यू यॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्थानकात १९५० सालच्या मे महिन्यात कोडॅक कंपनीने एक जाहिरात लावली. ती १८ फूट उंच आणि ६० फूट रुंद होती. क्षेत्रफळ १०८० चौरस फूट, म्हणजे आपल्याकडच्या दोन वर्गखोल्यांच्या जमिनीएवढे. ती कागदावर छापलेली नव्हती की कापडावर रंगवलेली नव्हती. ती एक प्रचंड रंगीत पारदर्शिका होती आणि तिच्यामागे एक मैलाहून अधिक लांबीच्या दिव्यांच्या नळ्या जळत होत्या. दर तीन-चार आठवड्यांनी चित्र बदलत असे. १९९० मध्ये हा उपक्रम थांबला, तोवर ५६५ चित्रे येऊन गेली होती. या मालिकेचे नाव ‘कलरामा’.

शिक्षकांसाठी असलेल्या विज्ञान मासिकात एका जाहिरातीचे परीक्षण कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमचे उत्तर असे. दवाखान्यातला एक्स-रे, दुकानावरचा ग्लो साइन बोर्ड, विज्ञान प्रदर्शनातले प्रकाशफलक आणि हातातला मोबाइल ही सारी मागून उजळलेली चित्रे आहेत. आजचे मूल जी चित्रे पाहते त्यांतली बरीचशी या जातीची असतात. ती कशी वाचावीत हे मात्र आपण त्याला सहसा शिकवत नाही. कलरामा हे या जातीचे सर्वांत भव्य आणि सर्वांत चांगले नोंदले गेलेले उदाहरण आहे, म्हणून ते परीक्षणासाठी घेतले.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. निसर्गचित्रांसाठी प्रसिद्ध असलेले छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी कलरामासाठी काही चित्रे काढली होती. पुढे त्यांचे मत असे पडले, की कलेच्या अंगाने या कामात फारसे काही नव्हते, तंत्राच्या अंगाने मात्र ते थक्क करणारे होते. कलरामाविषयी लिहिणारे बहुतेक जण आजही अशीच विभागणी करतात. विज्ञानशिक्षकालाही ती सोयीची वाटते. तंत्र तेवढे आपले, चित्रात काय आहे ते भाषेच्या किंवा इतिहासाच्या शिक्षकाने पाहावे! आम्हाला ही विभागणी मान्य नाही. कलरामात काय दाखवले गेले आणि काय दाखवले गेले नाही, याची बरीच कारणे त्याच्या प्रकाशात, रंजकद्रव्यांत आणि पट्ट्यांत सापडतात.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आपल्या हाती येतात त्या कलरामाच्या पुस्तकांत छापलेल्या प्रती. विताएवढे कागदी चित्र पाहून साठ फुटांच्या उजळ फलकाबद्दल बोलणे म्हणजे स्वरलिपी वाचून गाण्याबद्दल बोलण्यासारखे आहे. म्हणून आमचे परीक्षण चित्रांच्या रचनेपुरते आणि त्यांच्यामागच्या कृतीपुरते मर्यादित आहे.

प्रकाश एकदा की दोनदा?

कागदावरच्या रंगीत छायाचित्रात प्रकाश समोरून येतो, रंगाच्या थरातून आत जातो, पांढऱ्या कागदावर आपटतो आणि त्याच थरातून पुन्हा बाहेर येतो. रंगाची गाळणी तो दोनदा ओलांडतो. पारदर्शिकेत प्रकाश मागून येतो आणि एकदाच गाळला जातो. म्हणून कागदासाठी पुरेसा असलेला रंग पारदर्शिकेत फिका, धुऊन निघाल्यासारखा दिसतो. तिच्यात जवळजवळ दुप्पट रंजकद्रव्य लागते.

हे मोजण्यासाठी ‘घनता’ ही संज्ञा वापरतात. घनता १ असेल तर प्रकाशाचा दहावा भाग पलीकडे जातो, २ असेल तर शंभरावा आणि ३ असेल तर हजारावा. घनता हा लॉगॅरिदम असल्याने दोन थर एकावर एक ठेवले की त्यांच्या घनतांची बेरीज होते. वर्गात हे सहज दाखवता येते. एकच चित्र दोन पारदर्शक प्लास्टिकच्या कागदांवर छापून घ्यावे. एक कागद खिडकीवर धरला की चित्र फिके दिसते. दुसरा त्यावर बिनचूक जुळवून ठेवला की रंग भरतात. लॉगॅरिदमचा अर्थ डोळ्यांनी दिसण्याचे असे प्रसंग शाळेत थोडेच येतात.

दुसरा मुद्दा प्रकाश सारखा पसरण्याचा. चित्रामागे नळ्यांची रांग असते आणि मधे दुधी पडदा. पडदा नळ्यांच्या फार जवळ असेल तर चित्रावर उजेडाचे पट्टे उमटतात. साधारण नियम असा, की दोन नळ्यांमध्ये जेवढे अंतर, निदान तेवढे तरी अंतर नळ्या आणि पडदा यांच्यात हवे. म्हणून जुन्या प्रकाशपेट्या जाड असत. गावातल्या स्वस्त ग्लो साइन बोर्डावर अक्षरांमागे नळ्या दिसतात, त्याचे कारण वाचलेली जाडी हेच.

पट्ट्या आणि सांधे

साठ फूट रुंदीची फिल्म कोणीच बनवत नाही. सुमारे दीड फूट रुंदीच्या आणि अठरा फूट लांबीच्या चाळीसेक उभ्या पट्ट्या एकेक करून छापायच्या, धुवायच्या, वाळवायच्या आणि शेजारीशेजारी चिकटवायच्या, अशी सुरुवातीच्या काळातली रीत होती. मूळ निगेटिव्ह ८ इंच गुणिले २० इंचाचे. वीस इंचांचे साठ फूट करायचे म्हणजे ३६ पट वर्धन. पुढे ३५ मिलिमीटरच्या साध्या फिल्मवरूनही कलरामा छापला गेला. तिची चौकट ३६ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे वर्धन झाले ५०८ पट! निगेटिव्हवर एक दशांश मिलिमीटरचा धुळीचा कण राहिला तर ३६ पटीत तो साडेतीन मिलिमीटरचा ठिपका होतो, ५०८ पटीत पाच सेंटिमीटरचा डाग. हातमोजे, ब्रश आणि हवा गाळून घेतलेली खोली या गोष्टी छायाचित्रशाळेत इतक्या कटाक्षाने का पाळतात, हे या एका गुणाकारातून समजते.

इतके वाढवलेले चित्र अस्पष्ट का दिसत नसे? याचे उत्तर डोळ्याच्या मर्यादेत आहे. निरोगी डोळा सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातले तपशील वेगळे ओळखतो. दीडशे फुटांवरून पाहणाऱ्याला हे अंतर फलकावर सुमारे १३ मिलिमीटर पडते. त्याला ५०८ने भागले तर निगेटिव्हवर मिलिमीटरचा सुमारे चाळिसावा भाग येतो, आणि चांगली फिल्म याहूनही बारीक तपशील टिपते. ग्रँड सेंट्रलचे मुख्य दालन २७५ फूट लांब आहे. कलरामा भव्य होता तो प्रवाशांच्या दूर असण्याच्या भरवशावर. जवळ जाऊन पाहण्यासाठी तो केलेलाच नव्हता.

खरी कसोटी सांध्यांची. आपली दृष्टी मंद बदल चालवून घेते, पण सरळ कडेवरचा एक-दोन टक्क्यांचा फरकही पकडते. कडेच्या दोन्ही बाजूंना फरक अधिक ठळक करून दाखवण्याची डोळ्याची ही खोड अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये वर्णन केली, म्हणून अशा पट्ट्यांना ‘माख पट्टे’ म्हणतात. शेजारच्या दोन पट्ट्यांना मिळालेला प्रकाश किंवा डेव्हलपरचे तापमान किंचित जरी वेगळे असले तरी सांधा ओरडून आपले अस्तित्व सांगतो. या कामात अचूकता किती लागते? घरगुती रंगीत निगेटिव्हसाठी १९७२ पासून रूढ झालेल्या सी-४१ पद्धतीत डेव्हलपरचे तापमान ३७.८ अंश सेल्सिअस असावे लागते आणि त्यात ०.१५ अंशाचाच फरक चालतो. आपल्या तापमापीवरच्या दोन रेघांमधल्या जागेपेक्षाही हा फरक कमी आहे. त्यातून ओल्या फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगतो, मऊ होतो, नखाने निघतो, आणि वाळताना आकसतो. अशा चाळीस लांबलचक पट्ट्यांवर एकच माणूस, एकच क्षितिज जुळवायचे होते.

सांधा लपवायला गर्द झाडी किंवा गर्दी बरी, कारण तपशिलात कड हरवते. मोकळ्या निळ्या आकाशात तो लपत नाही. कलरामाच्या चित्रांत मात्र अशी आकाशे भरपूर आहेत. प्रयोगशाळेतल्या कारागिरांनी अवघड वाट टाळली नाही, आणि या कामाचे श्रेय त्यांना ॲडम्स यांच्याप्रमाणेच आम्हीही मनापासून देतो. चित्रांखाली नावे छायाचित्रकारांची येतात, पट्ट्या धुणाऱ्यांची येत नाहीत, हेही येथे नोंदवतो.

काळोखाची अडचण

आता चित्रांकडे वळू. समुद्रकिनारा, बर्फाच्छादित डोंगर, फुलांची बाग, सुट्टीवर निघालेले कुटुंब. पहिल्या काळात चित्रातच कोणीतरी हातात कॅमेरा घेऊन उभे असे: एका बाजूला फोटो काढणारा, दुसऱ्या बाजूला हसणारी मंडळी. १९५७ मध्ये चित्रकार नॉर्मन रॉकवेल यांनीही एका कलरामाची मांडणी केली होती. त्यात उन्हाळ्याची सुट्टी संपवून घर बंद करणारे एक कुटुंब आहे.

अशी चित्रे निवडण्यामागे जाहिरातदाराचा हेतू होता हे उघड आहे. तरी तेवढ्यावर थांबू नये. चित्राची रुंदी उंचीच्या सव्वातीन पटींहून अधिक. अशा चौकटीत एका चेहऱ्याला जागा नसते. तो घ्यावा तर दोन्ही बाजूंना मैदान उरते. माणसे ओळीत उभी करावी लागतात, आणि ओळीत उभी केलेली माणसे एकमेकांशी बोलत नाहीत, दाखवली जातात.

याहून मोठी अडचण काळोखाची. समजा, पारदर्शिकेच्या पांढऱ्या भागातून १००० एकक प्रकाश येतो आणि काळ्या भागातून १ एकक. अंधाऱ्या खोलीत ही तफावत हजारपट आहे. आता दालनातला उजेड फिल्मच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन डोळ्यात २० एककांची भर घालतो असे धरू. पांढरा झाला १०२०, काळा झाला २१. तफावत उरली सुमारे पन्नासपट. पांढऱ्याचे काहीच बिघडले नाही, काळ्यातले सगळे तपशील करड्या धुक्यात गेले. उजेड असलेल्या दालनात मागून उजळलेले चित्र आपले ऊन टिकवते, सावली गमावते. ज्या चित्राचा अर्थ सावलीत आहे ते येथे उभेच राहू शकत नाही. बर्फ, वाळू आणि आकाश यांचे राज्य केवळ विक्रेत्याच्या आवडीने आले नव्हते, ते या भागाकारानेही आणले होते.

माणसांच्या बाबतीत हा मुद्दा अधिक टोचतो. कलरामातली कुटुंबे मुख्यतः गोरी आहेत. रंगीत छपाई जुळवण्यासाठी त्या काळी प्रयोगशाळांकडे एका गोऱ्या स्त्रीचे प्रमाणचित्र असे, त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्या त्वचेवर जुळवलेल्या छपाईत सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यांचे तपशील बुडत. ही उणीव पुढे हळूहळू दूर केली गेली. म्हणजे कोण चित्रात यावे याचा निर्णय समाजाने घेतला होता आणि फिल्मने त्यावर शिक्का मारला होता. तंत्र उत्तम, आशय सामान्य, अशी वाटणी येथे करता येत नाही.

तीन आठवड्यांचे आयुष्य

आमचा सर्वांत गंभीर आक्षेप टिकाऊपणाविषयी आहे. या रंगीत फिल्मवरचे निळसर-हिरवे, किरमिजी आणि पिवळे रंजकद्रव्य डेव्हलपिंगच्या वेळी रासायनिक क्रियेने तयार होते. ते सेंद्रिय असते आणि प्रकाशाने, उष्णतेने, आर्द्रतेने हळूहळू विघटित होते. दिव्यांसमोर रात्रंदिवस टांगलेल्या पारदर्शिकेवर हा मारा सर्वाधिक. परंतु कलरामाचे चित्र तीन-चार आठवड्यांत उतरवले जाई. ते फिके पडलेले दिसण्याची वेळच येत नसे. चाळीस वर्षे प्रवाशांनी नेहमी ताजेच रंग पाहिले.

हा फलक विकत काय होता? आठवणी. आजचा क्षण रंगीत टिपा, तो कायम राहील, असे आश्वासन त्या हसऱ्या कुटुंबांमागे होते. प्रत्यक्षात १९४२ ते १९५३ या काळात काढलेले कोडाकलर पद्धतीचे कागदी प्रिंट जवळजवळ सगळेच पिवळे पडले, विटले. रंगीत छायाचित्रांच्या टिकाऊपणाचे अभ्यासक हेन्री विल्हेल्म यांनी १९९३ मधल्या आपल्या ग्रंथात या हानीची सविस्तर नोंद केली आहे. चित्रपटांच्या प्रतीही विटत होत्या. दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांनी १९८० मध्ये त्याविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा कुठे अधिक टिकाऊ फिल्मचा प्रश्न ऐरणीवर आला.

हे सगळे दूर अमेरिकेतले म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्या घरांतले लग्नाचे जुने अल्बम उघडून पाहावेत. आजी-आजोबांचा कृष्णधवल फोटो शाबूत असतो, कारण त्यातली प्रतिमा चांदीच्या कणांची असते. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो मात्र लालसर झालेले दिसतात. त्या कागदांतले निळसर-हिरवे रंजकद्रव्य अंधारात ठेवूनही सर्वांत आधी क्षीण होई, म्हणून बाकीचे दोन रंग वर येत. हिरवा शालू तपकिरी होतो आणि आंब्याचे तोरण वाळल्यासारखे दिसते. ज्या फलकाने रंगीत आठवणींची हौस शिकवली, त्याने आठवणींचे वय कधी सांगितले नाही. सतत बदलत राहून तो ते झाकतच राहिला.

त्याच पेटीचा दुसरा उपयोग

दोष पेटीचा असता तर येथे थांबलो असतो. पण तीच पेटी दुसऱ्या रीतीनेही वापरता येते, हे कॅनडातल्या व्हँकुव्हरचे कलावंत जेफ वॉल यांनी दाखवले. १९७७ मध्ये स्पेनमध्ये असताना संग्रहालयातली थोर तैलचित्रे आणि बसथांब्यावरच्या उजळ जाहिराती त्यांनी लागोपाठ पाहिल्या, आणि जाहिरातीची पेटी त्यांनी चित्रासाठी उचलली. १९७८ मधले त्यांचे ‘द डिस्ट्रॉइड रूम’ हे चित्र १५९ सेंटिमीटर गुणिले २३४ सेंटिमीटरचे आहे. फाटलेली गादी, विखुरलेले कपडे, लाल भिंत. नीट पाहिले तर खोलीच्या बाहेर भिंतीला टेकू देणारी लाकडेही दिसतात. ही खोली नाटकासारखी उभारलेली आहे, हे चित्र स्वतःच सांगते.

मोठ्या पारदर्शिकांसाठी वॉलनाही दोन तुकडे जोडावे लागत आणि तो सांधा दिसतो. ‘अ सडन गस्ट ऑफ विंड’ हे १९९३ मधले चित्र २२९ सेंटिमीटर गुणिले ३७७ सेंटिमीटरचे आहे. शंभराहून अधिक छायाचित्रे संगणकावर जोडून ते तयार झाले. होकुसाईच्या ठसाचित्रावर ते आधारलेले असून आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. मागचा दिवा वॉल लपवत नाहीत. जाहिरातीसारखा झगमगाट डोळ्यांना ओढतो आणि समोर विकत घेण्यासारखे काहीच नसते. ही अस्वस्थता आम्हाला कलरामाच्या ५६५ चित्रांपेक्षा मोलाची वाटते.

वॉल यांची कामेही निर्दोष नाहीत. त्यांनी वापरलेल्या सिबाक्रोम पद्धतीत रंजकद्रव्ये थरात आधीपासूनच असतात आणि नको तेथे ती विरंजित केली जातात. ती अधिक टिकाऊ खरी, पण नळ्यांसमोर तीही अमर नव्हेत. शिवाय या फिल्मचे उत्पादन आता थांबले आहे. खराब झालेली पारदर्शिका बदलायची तर दुसऱ्या पद्धतीने छापावी लागेल, आणि मग चित्र तेच राहिले का, हा प्रश्न संग्रहालयांपुढे उभा आहे.

वर्गासाठी

कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. कलरामा त्याच्या कितीतरी आधी उतरला होता आणि स्थानकाची पूर्वेकडची बाजू, जिकडे उंच खिडक्या आहेत, पुन्हा मोकळी झाली होती. नळ्यांच्या जागी आता एलईडी आले, फिल्मच्या जागी फ्लेक्सवरची शाईची छपाई. पेट्या पातळ झाल्या आणि स्वस्तही झाल्या, त्यामुळे शाळेच्या प्रदर्शनातही त्या परवडतात. घनता, सांधे, काळोख आणि आयुष्य हे चार प्रश्न मात्र तसेच आहेत.

असा फलक शाळेत लावायचा असेल तर आमच्या काही सूचना आहेत. तेजोमेघाचे किंवा सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशीचे चित्र असेल तर खोलीचे पडदे ओढावेत, नाहीतर सगळा अभ्यासविषय करड्या धुक्यात जाईल. फलक हाताळताना कडांना धरावा आणि ऊन पडेल तेथे ठेवू नये. छापल्याची तारीख मागे लिहून ठेवावी. शक्य असेल तर चित्राचा एक तुकडा कापून काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवावा आणि दर वर्षी नव्या वर्गाला फलकाशेजारी धरून दाखवावा. कोणता रंग आधी गेला हे मुलांनीच सांगावे.

आणि एखादे वेळी दिवा बंद करून तो फलक मुलांना पाहू द्यावा. मागचा प्रकाश गेला की त्या चित्रात काय उरते, आणि काय मुळात नव्हतेच, याची यादी प्रत्येकाने आपल्या वहीत करावी.